सामूहिक वनव्यवस्थापनात स्त्रियांचे स्थान : १९९० पासूनचा मागोवा

१ जून १९९० च्या केंद्रीय परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापन, म्हणजे वनखाते व गावकरी यांनी मिळून जंगल राखण्याची आणि उत्पन्न वाटून घेण्याची पद्धत, देशभर नेली. परंतु अनेक राज्यांत घरटी एकच सभासद घेतला जात असल्याने ते सभासदत्व आपसूकच कर्त्या पुरुषाकडे गेले. जंगल बंद करून राखण सुरू झाली की इमारती लाकूड वाढे. सरपण आणणाऱ्या बाईला मात्र दूरचे रान धरावे लागे, नाहीतर कालपर्यंतच्या वाटेवरच गावच्या राखणदाराकडून मोळीसकट पकडले जाऊन दंड भरावा लागे, आणि बंदी ठरली त्या बैठकीचे तिला बोलावणेही गेलेले नसे. हा उघड अन्याय होता. समितीत एखाददुसरी स्त्री घेऊन तो मिटत नाही, साधारण चौथा ते तिसरा हिस्सा स्त्रिया असल्या की त्या येऊ आणि बोलू लागतात, हे अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात व नेपाळमधील वनसमित्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले.

२००० च्या मार्गदर्शक सूचनांनी कार्यकारी समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे म्हटले, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. ते २००६ च्या वनहक्क कायद्याने दिले : वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे आणि जंगल राखण्याचा हक्क ग्रामसभेकडे. २०१२ च्या सुधारित नियमांनी गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती, निम्म्या सभासदांची ठरवली आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असण्याची अट घातली. राखीव जागांपेक्षा ही अट अधिक मोलाची मानावी लागते, कारण स्त्रिया आल्याच नाहीत तर ठरावच टिकत नाही.

२००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावात प्रत्येक घरातून एक पुरुष व एक स्त्री सभेला येण्याचा रिवाज आधीपासूनच होता. इतरत्र वाटचाल संथ आहे. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून ७० पानांचे पुडे बांधण्यात स्त्रियांचे श्रम मोठे असतात. पण ठेकेदाराशी दर ठरवणे आणि करारावर सही करणे बहुतेक गावांत पुरुषांकडेच राहिले, आणि जंगल राखण्यासाठी ग्रामसभा नेमते त्या समितीत स्त्रिया किती असाव्यात, हे केंद्रीय नियमांनी आजही ठरवून दिलेले नाही.