आराखडा एक, अर्थ दोन! अवजाराचे चित्र वाचताना गफलत कुठे होते?

आसेगाव (जि. वाशिम) : पेरणीयंत्राचे फण सरकवायचे असोत की डवऱ्याची पास बदलायची असो, सोयाबीनच्या पट्ट्यातील आसेगावसारख्या गावांत हे काम वेल्डिंगच्या दुकानात होते. शेतकरी वहीच्या पानावर चार रेघा ओढतो, कारागीर त्यावरून लोखंड कापतो. चित्र दोघांनीही पाहिलेले असते, पण दोघांना तेच दिसले असेल असे नाही. पेरणीसाठी वाफसा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत अवजार पुन्हा कापून जोडण्याची वेळ आली, तर नुकसान शेतकऱ्याचेच.

एकाच चित्रात दोन वस्तू कशा दिसतात?

कागदाला लांबी-रुंदी असते, खोली नसते. ती मेंदू अंदाजाने भरतो. स्वित्झर्लंडचे स्फटिकतज्ज्ञ लुई नेकर यांनी 1832 मध्ये हे दाखवून दिले. फक्त रेघांनी काढलेल्या पारदर्शक खोक्याकडे टक लावून पाहिले, तर पुढची बाजू अचानक मागची वाटू लागते. रेघ एकही हललेली नसते. अवजाराच्या कच्च्या चित्रातही पट्टी दांडीच्या पुढे आहे की मागे, असा घोळ याच कारणाने होतो.

चित्र वाचणे शिकावे लागते का?

बऱ्याच अंशी, हो. वरून पाहिलेले, समोरून पाहिलेले आणि मधोमध कापून दाखवलेले चित्र यांतला फरक सरावाने कळतो. रुंद वरंबा सरी म्हणजे बीबीएफ पद्धतीची आकृती बहुधा जमिनीचा उभा छेद दाखवते. ती वरून पाहिलेली समजली, तर वरंबा आणि सरी ओळखण्यातच गल्लत होऊ शकते.

आयटीआयमध्ये शिकलेल्यांची चित्रभाषा आणखी वेगळी. भारतात 'फर्स्ट अँगल' पद्धत चालते. तिच्यात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकेत 'थर्ड अँगल' चालते, तिथे तेच दृश्य वर असते. इंटरनेटवरून घेतलेला परदेशी आराखडा आपल्या पद्धतीने वाचला, तर डावा भाग उजवीकडे बसू शकतो.

सर्वात महागात पडणारी चूक कोणती?

आकडा बरोबर असतो, पण तो कुठून कुठपर्यंत मोजायचा हे चित्रात नसते. समजा, चार फण आहेत आणि चित्रात '45 सेंमी' लिहिले आहे. शेतकऱ्याच्या मनात दोन ओळींतले अंतर आहे, म्हणजे फणाच्या मध्यापासून पुढच्या फणाच्या मध्यापर्यंत. कारागिराने ती मधली मोकळी जागा समजली आणि फण 5 सेंमी रुंद असला, तर ओळी 50 सेंमीवर पडतील. पहिल्या आणि चौथ्या ओळीतले अंतर 135 ऐवजी 150 सेंमी होईल. नंतर डवरा याच ओळींतून चालवायचा असतो.

चकचकीत चित्र चांगले की कच्चे?

काम कोणत्या टप्प्यावर आहे, त्यावर ते ठरते. जर्मनीतील संशोधकांनी 1996 मध्ये 54 वास्तुरचनाकार आणि विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सुरुवातीच्या मसुद्यासाठी हाताने काढल्यासारख्या चित्रांना, तर अंतिम सादरीकरणासाठी संगणकी चित्रांना अधिक पसंती मिळाली. कारण सरळ आहे. कच्ची रेघ 'अजून बदलता येईल' असे सांगते. गुळगुळीत चित्र पाहिले की 'हे ठरलेलेच दिसते' असे वाटते आणि मनातली शंका मनातच राहते.

मग काय करावे?

- अंतर 'मध्य ते मध्य' की 'आतून आत', हे आकड्याशेजारी लिहा.
- ट्रॅक्टर किंवा बैल कोणत्या दिशेने चालणार, तो बाण काढा. डावे-उजवे आपोआप ठरते.
- 'वरून', 'समोरून' की 'कापून' पाहिले, ते प्रत्येक चित्राखाली लिहा.
- शक्य असेल तर दुकानाच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाचे चित्र काढून टेपने मोजा.
- 'समजले का?' असे विचारू नका, उत्तर 'हो'च येते. 'काय बनवणार, ते सांगा' असे म्हणा. फरक असेल, तर लोखंड कापण्याआधीच कळेल.