गिऱ्हाईक चित्रात नाही

पहाटेचे सहा. एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली, योशिवारा वस्ती. गणिकेच्या हातात गिऱ्हाइकाचा झगा आहे, अस्तरावर बौद्ध भिक्षू बोधिधर्म रंगवलेला. निरोप देताना तिचा गळा दाटून यायलाच हवा. तेही कामातच मोडते. कितागावा उतामारोने १७९४च्या सुमारास काढलेल्या बारा छापचित्रांच्या मालिकेत तिचा दिवस दोन-दोन तासांनी पुढे सरकतो. पुरुष त्यात कुठेच दिसत नाही. त्याचा झगा दिसतो, त्याच्यासाठी चाललेली धडपड दिसते.

आठला ती आडवी होते. दहाला न्हाणे, चहा. बारा वाजता केशरचना.

दुपारी दोनला जरा उसंत. ती कशाचा हिशेब करत असेल? आईबापांनी उचल घेऊन तिला इथे धाडलेले, करार साधारण दहा वर्षांचा. रेशमी कपडे, अंथरूण, केसांतले काटे, सगळे तिच्याच नावावर कर्ज म्हणून चढते. वस्तीभोवती खंदक, ये-जा एकाच मोठ्या दरवाजातून. मुदत संपण्याआधीच कित्येकजणी दगावत. ज्यांचे कुणी नाही त्यांची प्रेते जवळच्या जोकान-जी देवळात नेऊन टाकत.

चारला नटूनथटून बाहेर पडायचे. सहाला कंदील लागतात.

रात्री आठच्या चित्रापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळते. ती लांबलचक पत्र लिहिते आहे, आणि मध्येच थांबून हाताखालच्या लहान मुलीच्या कानात काही सांगते आहे. पत्रात विरह असणार, शपथा असणार, आणि असेच पत्र दुसऱ्या कुणालाही जात असणार. गिऱ्हाइकाला पुरावा हवा असे: केसांची बट, नख, कधी कापलेले बोटसुद्धा. पिठाची बनावट बोटे मिळत, असेही सांगतात. तिला मी खोटारडी म्हणणार नाही. माणूस विकत घेऊन वर त्याच्याकडे खरे प्रेम मागणारा तो, खोट्याची सुरुवात त्याच्या मागणीतच आहे. आणि ती लहान मुलगी हे सारे ऐकत, बघत शिकते आहे.

दहाला मद्याचा पेला पुढे करायचा. बाराला रात्रीचे कपडे.

दोनला ती झोपेतून उठली आहे. एका हातात कागद, दुसऱ्यात पेटती काडी, पाय सपाता चाचपडतोय. चेहऱ्यावर आर्जव नाही, नुसता थकवा. इतका खरा क्षण टिपणाऱ्या चित्रकाराला मी मानते.

चारला शेगडीजवळ दोघीजणी बोलत बसल्या आहेत. या घटकेला कुणावर प्रेम असल्याचे दाखवायचे नाही. पण ही घटकाही विकली गेली. मालिकेचा प्रकाशक त्सुताया जुझाबुरो योशिवारातच जन्मलेला. तिथल्या गणिकांची माहिती देणाऱ्या पुस्तिकाही तोच छापे. ज्याला आत जाणे परवडत नव्हते, त्याला तिचा थकवा कागदावर घरी नेता येई.