‘साहेब, तेवढं जनावर उचलून न्या!’

9 डिसेंबर 2020 रोजी सकाळी पुण्याच्या कोथरूडमधल्या महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. बातमी फुटायला वेळ लागला नाही. बघ्यांची झुंबड उडाली, मोबाईल सरसावले गेले, आरडाओरडा सुरू झाला. बिथरलेलं जनावर गल्लीबोळांतून धडका देत, जखमी होत काही तास धावत राहिलं. शेवटी भुलीचं इंजेक्शन मारून, दोर लावून त्याला ताब्यात घेतलं. पण ताण आणि दमछाक एवढी झाली होती, की ते वाचलं नाही. दोन आठवड्यांच्या आत, 22 डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी माणसांना लांब ठेवण्यावर भर दिला गेला आणि गव्याला आल्या वाटेने जंगलाकडे जाऊ दिलं गेलं. तो सुखरूप परतला.

शहर तेच, वनखातंही तेच. फरक होता तो भोवतालच्या गर्दीचा.

शहरात वन्यप्राणी दिसला की नागरिक, नगरसेवक आणि वृत्तवाहिन्या यांची मागणी ठरलेली असते: जनावर उचलून न्या. सरकारची मदत मिळते, ती कायद्यात आहे आणि तिच्यासाठी पैशाची तरतूदही आहे. पण या मदतीबद्दल लोकांच्या डोक्यात जे चित्र आहे आणि प्रत्यक्षात जे घडतं, त्यांत बरंच अंतर आहे.

पहिलं चित्र सिनेमातून आलेलं. बंदुकीतून सुई सुटते, वाघ दोन पावलं चालतो आणि आडवा होतो. खरी गोष्ट अशी, की औषधाचा अंमल चढायला काही मिनिटं जातात आणि त्या मिनिटांत सुई टोचलेला बिबट्या घाबरून कुठेही उडी घेऊ शकतो: शेजारच्या गच्चीवर, विहिरीत किंवा थेट गर्दीत. औषधाची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, आणि ते वजन लांबून अंदाजानेच धरावं लागतं. म्हणून पशुवैद्यकाशिवाय हे काम करायचं नसतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये माणूस-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही गर्दी हटवण्याला मोठं महत्त्व दिलं आहे. त्यामुळे वनखात्याची गाडी येऊन नुसती उभी आहे, माणसं काहीच करत नाहीत, असं जेव्हा दिसतं, तेव्हा बऱ्याचदा ती अंधार पडण्याची वाट बघत असतात. रात्री रस्ता मोकळा मिळाला तर बिबट्या आपणहून निघून जातो. ज्याला जायचं नसतं, तो पकडणंही सोपं नाही. 2025 मध्ये पुणे विमानतळाच्या आवारात एप्रिलच्या अखेरीस दिसलेला बिबट्या ताब्यात यायला डिसेंबर उजाडला. पिंजरे होते, कॅमेरे होते, पण बिबट्याला घाई नव्हती.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडलेला आहे: ‘पकडा आणि लांब जंगलात सोडा.’ ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. जनावर जंगलाचं, ते जंगलात गेलं, मिटलं. जुन्नरमध्ये या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच झालं. उसाच्या पट्ट्यातून बिबटे धरून जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाचा हिशेब मांडला आणि तो 2011 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 1993 ते 2001 या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते. 2001 ते 2003 या काळात ते 17 वर गेले, आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात जखमी झालेलं, बिथरलेलं जनावर नव्या जागी शांत बसत नाही. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या भरून काढतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती 2002 ते 2004 दरम्यान हल्ल्यांची जी लाट आली, त्या काळातही इतरत्र पकडलेले बिबटे या उद्यानात सोडले जात होते.

आणि सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतो, हेही खरं नाही. ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेला बिबट्या 2009 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढला गेला, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला गेला आणि सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडले, वस्त्यांच्या कडेने तो गेला, पण माणसाच्या वाटेला गेला नाही. 2011 मध्ये घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर 2014 मध्ये मराठी चित्रपटही निघाला. तरी ‘बिबट्या दिसला म्हणजे नरभक्षक आला’ ही समजूत काही गेलेली नाही.

मग पकडलेले बिबटे जातात कुठे? काही जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जातात. तिथे जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचं, खायला घालायचं, औषधपाणी करायचं, आणि हा खर्च वर्षानुवर्षं चालतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उचलून न्या’ लिहिणाऱ्याला हा हिशेब सहसा ठाऊक नसतो.

कायद्याबद्दलचं अज्ञान तर त्याहून जास्त. ‘माझं आवार, माझा पिंजरा, सरकारचा काय संबंध?’ असं म्हणणारे भेटतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. सापळा लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, पिटाळणं, पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं, एवढंच काय, यातलं काही करण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतो. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या बिबट्यासारख्या प्राण्याला पकडण्याची किंवा मारण्याची परवानगी द्यायची असते, ती मुख्य वन्यजीव रक्षकांनी, तीही लेखी. कायद्यात झालेली मोठी दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे; त्यात सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि दंडाच्या रकमा वाढल्या. शहराच्या कडेला प्लॉट घेऊन कुंपणात वीज सोडणाऱ्यांनी तर जास्तच सावध व्हावं. त्या तारेला रानडुकराआधी शेजाऱ्याचा मुलगा लागू शकतो.

माकडांचा विषय वेगळा आहे. बिबट्या घाबरवतो, माकड छळतं. टेरेसवरची बाग, पाण्याच्या टाकीचं झाकण, केबल, वाळवण, गाडीचे आरसे, काही सुटत नाही. यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळणारा सल्ला असा, की वानर आणून बांधा, लाल तोंडाची माकडं पळतील. दिल्लीत अनेक वर्षं हे चाललं. पाळलेल्या वानरांच्या गस्ती होत्या, त्यांच्या मालकांना पगार होते. वानर हाही संरक्षित प्राणी असल्यामुळे ते बंद करावं लागलं. मग दिल्लीत वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली गेली. 2014 मध्ये असे 40 जण नेमल्याचं संसदेत सांगण्यात आलं. 2023 मध्ये जी-20 परिषदेच्या वेळी तर वानरांचे पुठ्ठ्याचे कटआउट उभे राहिले. देशाच्या राजधानीने इतकं करूनही माकडं तिथंच आहेत, कारण त्यांना केळी आणि चणे घालणारे हातही तिथंच आहेत.

महाराष्ट्रात उपद्रवी माकडं पकडणाऱ्यांना एका माकडामागे 600 रुपयांपर्यंत देण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला, तेव्हा काहींना वाटलं, आता कोणीही जाळं घेऊन निघावं. तसं नाही. पकडणारा प्रशिक्षित हवा, काम वनखात्याच्या देखरेखीखाली व्हायला हवं आणि सोडायची जागा वस्तीपासून दूर हवी. माकडांचा कळप खाणं मिळतं त्या जागेला चिकटून राहतो. मंगळवारी-शनिवारी गच्चीवर फुटाणे टाकायचे आणि रविवारी वनखात्याला फोन लावायचा, हा दुटप्पीपणा एकाच इमारतीत चालू असेल तर कळप हलणार नाही.

आता भरपाई. ‘सरकार काही देत नाही’ हेही चूक आणि ‘सगळं देतं’ हेही चूक. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, मगर यांसारख्या ठरवून दिलेल्या प्राण्यांच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्यात वारसांना मिळणारी रक्कम 2022 मध्ये 20 लाख रुपये झाली आणि नंतर ती 25 लाखांवर नेली गेली. कायमचं अपंगत्व आणि गंभीर इजा यांनाही स्वतंत्र रकमा आहेत. 2022 च्या दरांनुसार गाय, म्हैस, बैल दगावल्यास बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये यांतली कमी असलेली रक्कम मिळते. शेळी-मेंढीला ही मर्यादा 15 हजारांची. पिकं आणि फळझाडं यांचीही तरतूद आहे. भरपाई वेळेत मिळावी यासाठी राज्याने 2023 मध्ये कायदाही केला.

पण ही सगळी रचना शेत, गोठा आणि माणसाचा जीव डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. माकडाने सोलर पॅनेल फोडलं, गव्याने गाडीचा बॉनेट चेपला, बिबट्याने पाळलेला लॅब्रेडोर नेला, याची भरपाई या योजनेत शोधून सापडणार नाही. गाडीची किंवा घराची विमा पॉलिसी असेल तर तिच्यातल्या अटी वाचाव्यात. शहरी मालमत्तेचं नुकसान वाढत असताना सरकारी विचार अजून बांधावरच थांबला आहे, ही टीका रास्त आहे आणि ती लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचायला हवी.

फोन कोणाला लावायचा, यातही गोंधळ असतो. भटकी कुत्री हा वनखात्याचा विषय नाही. त्यांचं निर्बीजीकरण प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 खाली महापालिकेने करायचं असतं. नाल्याकाठी फिरणारी डुकरं बहुधा पाळीवच असतात, तीही पालिकेचीच डोकेदुखी. आग्यामोहोळाला पलिता लावू नये. पेटलेल्या पोळ्यातून उठलेल्या माश्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सोडत नाहीत. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, जाणकारांची वानवा नाही. साप मात्र वनखात्याचे. घराभोवती फिनेल, कार्बोलिक अॅसिड किंवा लसणाचं पाणी शिंपडल्याने साप येत नाही हा निव्वळ भ्रम. अॅसिडने साप होरपळतो, दूर राहत नाही. साप येतो उंदरांमागे, उंदीर येतो उष्ट्या-खरकट्यामागे. आणि सर्पमित्र हा सरकारी नोकर नसतो. गळ्यात नाग घालून फोटो काढणारा दारात आला तर त्याला चहा न देता परत पाठवावं. चावा झालाच तर सर्पमित्राची वाट न बघता सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवरचं एकत्रित प्रतिविष तिथे मिळतं.

मदत यंत्रणा कशी चालू शकते, याचं उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी राहतात, हे तिथल्या मराठी कुटुंबांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या वस्त्यांत शिरल्या, तेव्हा वनखाते आणि स्वयंसेवक यांनी तीन दिवसांत 24 मगरी बाहेर काढल्या. मगर दिसली की कोणाला कळवायचं, हे शहराला आधीपासून माहीत होतं. त्याच पावसाळ्यात आपल्या चिपळूणमध्ये रस्त्यावर मगर चालताना दिसली, तेव्हा मात्र राज्यभर व्हिडिओचीच चर्चा जास्त झाली.

मालमत्तेचा मालक म्हणून स्वतःची जबाबदारी काय, हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात ठळकपणे उभा राहिला तो चंद्रपुरात. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगोलग शेजारच्या दुर्गापूरमध्ये बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला मारलं. वीज केंद्राच्या विस्तीर्ण आवारात माजलेली झुडपं वाघांना आयतं घर देत होती, आणि ती काढण्याचा विषय तेव्हा ऐरणीवर आला. वाघ पकडणं वनखात्याचं काम. पण झुडूप कापणं, दिवे लावणं आणि कचरा उचलणं हे त्या जागेच्या मालकाचं.

हीच गोष्ट लहान प्रमाणात प्रत्येक सोसायटीला लागू आहे. अकोल्याच्या नव्हे, अकोले तालुक्याच्या शेतीभागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला. म्हणजे ओल्या कचऱ्याचा ढीग, चिकन-मटणाच्या दुकानामागचं टाकाऊ मांस, त्यावर पोसलेली कुत्री आणि त्यांच्यामागे बिबट्या, अशी ती साखळी आहे. मुंबईत 2011 मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ उपक्रम सुरू झाला, तेव्हा वनखाते, अभ्यासक, पालिका आणि पोलीस एकत्र आले आणि पिंजऱ्याऐवजी या साखळीवर बोलू लागले. सुमारे 103 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (एसजीएनपी) आणि आसपास 2018 च्या सुमारास 47 बिबटे मोजले गेले. त्यांच्या कडेने लाखो माणसं रोज झोपतात. तरीही 2021 मध्ये आरे वसाहतीत हल्ले झाले. धोका संपलेला नाही, तो कमी राखता येतो एवढंच.

वाचकांनी मग नेमकं काय करावं? ‘हॅलो फॉरेस्ट’चा टोल फ्री क्रमांक 1926 सोसायटीच्या फलकावर लिहून ठेवावा. फोन केल्यावर प्राणी कोणता, कुठे, किती वाजता दिसला आणि कोणी जखमी आहे का, एवढंच सांगावं. लोकेशन आणि फोटो वनखात्याला पाठवावेत, गावभर नव्हे. शेळी किंवा गाय मारली गेली असेल तर पंचनामा होईपर्यंत ती हलवू नये. तक्रार 48 तासांच्या आत, लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यावा, नाक्यावरचा कचरा उचलण्यासाठी.