‘संश्लेष’ : जोडणारा आणि जखडणारा

‘विश्लेषण’ हा शब्द वर्तमानपत्रांतून रोज भेटतो. त्याचा सख्खा भाऊ ‘संश्लेष’ मात्र ग्रंथांच्या पानांतच राहिला आहे. दोघांचे मूळ एकच, संस्कृत ‘श्लिष्’ हा धातू. चिकटणे, बिलगणे, आलिंगन देणे हा त्याचा अर्थ. ‘वि’ लागला की सुटे करणे आणि ‘सम्’ लागला की घट्ट एकत्र येणे. आश्लेषा नक्षत्र याच कुळातले. एका शब्दाला दोन अर्थ चिकटले की होणारा श्लेष अलंकारही याच कुळातला.

आयुर्वेदात कफाला ‘श्लेष्मा’ म्हणतात. त्याच्या 5 प्रकारांपैकी ‘श्लेषक’ कफाचे स्थान सांध्यांत सांगितले आहे. तो हाडे जोडून ठेवतो, पण त्यांची हालचाल थांबवीत नाही. आपल्या स्निग्धतेने ती सुलभच करतो.

जैन ग्रंथांत या शब्दाची दुसरी बाजू दिसते. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी ‘कषाय’ शब्दाचा उलगडा केला आहे. वडासारख्या वृक्षांचा तुरट रस जसा श्लेषाला कारण होतो, तसे क्रोध, मान, माया व लोभ हे कर्म आत्म्याला चिकटण्यास कारण होतात. म्हणून तेही कषाय. कषाय जितका तीव्र, तितका बंध दीर्घ व चिवट.

आपल्या व्यापारी घरांत ‘एकत्र राहा’ हा उपदेश वडीलधारी मंडळी नेहमी करतात. तो योग्यच आहे. परंतु आपल्याला कोणता श्लेष धरून ठेवतो, हेही पाहावयास हवे. वाटणी झाली तर आपला वाटा घटेल हा लोभ, किंवा लोक काय म्हणतील हा मान, एवढ्यावरच भाऊ एका गादीवर बसले असतील, तर तो कषायाचा श्लेष होय. तेथे खातेवही एक असते, पण मने एकमेकांचा जमाखर्च मांडीत राहतात. याउलट धाकट्याने नव्या मालात हात घातला, थोरल्याने मनात शंका असूनही भांडवल दिले आणि तोटा आला तरी बोल लावला नाही, तर तो सांध्यातला श्लेष होय. असे भाऊ उद्या दोन पेढ्या मांडून बसले तरी दुरावत नाहीत.

पर्युषणानंतर आपण घरोघरी क्षमा मागतो. ती मनापासून मागितली, तर तुरट रस तेवढा धुतला जातो. सांधा मात्र शाबूत राहतो.