रॉकेटला पॅराशूट केवढे हवे?

पेडणे तालुक्यात मॉडेल रॉकेट उतरवण्याजोगी मोकळी जागा म्हणजे बहुधा जांभ्याचा सडा, नाहीतर कापणी झालेले भातशेत. सड्यावर दगड कठीण आणि कडेला काजूची झाडे. शेतात माती मऊ, पण बांधापलीकडे माड. पॅराशूटचे माप या जागेवरून ठरवावे लागते.

आधी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. काट्यावर रॉकेट, पॅराशूट, दोऱ्या आणि जळून रिकामे झालेले इंजिन असे सगळे ठेवा. उतरताना इंधन संपलेले असते, म्हणून भरलेल्या इंजिनाचे वजन धरू नये.

पॅराशूट उघडल्यावर थोड्याच वेळात हवेचा विरोध वजनाइतका होतो आणि तिथून वेग वाढत नाही. विरोध छत्रीच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि वेगाच्या वर्गाबरोबरही. सपाट कापडाच्या गोल छत्रीसाठी एक सोपा हिशेब निघतो: ग्रॅममधल्या वजनाचे वर्गमूळ काढा, त्याला ३.३ने गुणा. जे येईल तेवढे सेंटीमीटर व्यास ठेवला तर उतरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर राहतो. १०० ग्रॅमला ३३ सेंटीमीटर. वजन दुप्पट झाले, तर व्यास दुप्पट नव्हे, साधारण ४७ सेंटीमीटर पुरतो.

सेकंदाला ५ मीटर म्हणजे सव्वा मीटरवरून हातातून सुटल्याइतका आपट. हे घरीच तपासता येते. तेवढ्या उंचीवरून रॉकेट गवतावर आणि मग फरशीवर सोडून पाहा. फरशीवर शेपटीचे पंख निखळत असतील, तर सड्यासाठी वेग ४ मीटरवर आणा. तेव्हा गुणक ३.३ऐवजी सुमारे ४.१ घ्यायचा.

मग सरळ ६० सेंटीमीटरचे का लावू नये? वाऱ्यामुळे. १०० ग्रॅमचे रॉकेट १५० मीटरवरून ३३ सेंटीमीटरच्या पॅराशूटने ३० सेकंदांत उतरते. सेकंदाला ४ मीटर वारा असेल, तर तेवढ्यात ते १२० मीटर वाहते. ६० सेंटीमीटरचे असेल, तर हवेत ५४ सेकंद राहते आणि २०० मीटरहून दूर जाते, म्हणजे थेट माडाच्या झावळ्यांत. पंख पुन्हा चिकटवता येतो, माडावरचे रॉकेट काढायला पाडेली शोधावा लागतो. म्हणून माझे मत ठाम आहे: पंख सोसतील त्यातले लहानात लहान पॅराशूट घ्या. हिवाळ्यात सकाळी वारा मंद असतो, दुपारी समुद्राकडून जोर धरतो. उड्डाण सकाळीच करावे.

छत्री हेलकावे खात असेल, तर मधोमध व्यासाच्या पाचव्या हिश्श्याचे भोक पाडा. क्षेत्रफळ फक्त ४ टक्के घटते, डोलणे मात्र कमी होते. दोऱ्या व्यासाइतक्या किंवा दीडपट लांब ठेवा, आणि इंजिनाच्या गरम झोताने प्लॅस्टिक वितळू नये म्हणून मधे न जळणारा कागद भरा.

इस्रोच्या गगनयानाला हाच हिशेब लागू होतो. सुमारे ५ टनांच्या कुपीसाठी २५ मीटर व्यासाची तीन मुख्य पॅराशूट आहेत, आणि समुद्रात उतरण्याचा वेग सेकंदाला ८ मीटरच्या आसपास येतो. तिथे खाली पाणी असते, म्हणून तो चालतो.

२०२३च्या जानेवारीपासून मोपाला विमाने उतरतात. त्यामुळे तालुक्यात कुठेही उड्डाण करण्याआधी विमानतळ आणि पोलीस यांची परवानगी घ्या, आणि सड्यावर करड वाळले असेल तर पाण्याची बादली जवळ ठेवा.