खाडी म्हणजे तळं नव्हे

कोकणातल्या खाड्या आता फक्त मच्छीमारांच्या आणि तरीवाल्यांच्या राहिलेल्या नाहीत. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेऱ्यांवर रोज गाड्या आणि माणसं ये-जा करतात. २०१६च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत धरमतरची अंबा नदी दहाव्या क्रमांकावर आणि वाशिष्ठी-दाभोळ खाडी अठ्ठाविसाव्या क्रमांकावर आहे. शिवाय डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, कयाकवाले, गळाने मासे धरायला भाड्याची होडी घेणारे हौशी लोक. पाण्यावर माणसं वाढली, पण भरती-ओहोटी आणि वाऱ्याबद्दलचे काही समज तसेच राहिले आहेत. त्यातले काही नुसते चुकीचे आहेत आणि काही जिवावर बेतणारे.

"समुद्र खवळला तरी खाडी शांत असते"

आतल्या अंगाला, डोंगरांच्या आडोशाला हे बऱ्याच अंशी खरं आहे. मुखाशी मात्र नाही. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साठते आणि तिथे पाणी एकदम उथळ होतं. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत गेली की लाट फुटते. दोन मीटर पाणी असलेल्या जागी दीड मीटरची लाट फुटणार, हे धरूनच चालायचं. बाहेर खोल पाण्यात हीच लाट होडीला नुसती वर उचलून खाली ठेवते.

ओहोटी लागली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. वाळूवरचं पाणी कमी होतं आणि खाडीचं पाणी जोराने बाहेर पडू लागतं. समोरून येणाऱ्या लाटांना हा प्रवाह आडवा येतो, तशा त्या एकमेकींच्या जवळ येतात, उभ्या आणि उंच होतात. वारा समुद्राकडून असेल तर अर्ध्या तासापूर्वी सरळ वाटणाऱ्या पाण्यावर आखूड, उभ्या, डोक्यावर पांढरा फेस असलेल्या लाटांची रांग लागते. छोट्या होडीला या लाटा मोठ्या लाटांपेक्षा वाईट, कारण नाळ एका लाटेवरून उतरून सावरायच्या आत पुढची समोर उभी असते.

याचं वेळापत्रक घड्याळात बसतं, आणि ही गोष्ट प्रत्येक होडीवाल्याने पाठ करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दिवसाच्या साधारण त्याच वेळी येते. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराची. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटीचा जोर दुपारी दोन ते पाच या वेळात येतो. हिवाळा-उन्हाळ्यात खारे वारे नेमके याच वेळी भरात असतात. सर्वांत जोराचा बाहेर जाणारा प्रवाह आणि दिवसातला सर्वांत जोराचा आत येणारा वारा, दोघांची मुखाशी गाठ पडते. अष्टमीच्या आसपास उलट. भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला, आणि दुपारभर पाणी वाऱ्याबरोबर आत येत असतं. तोच वारा, तीच खाडी, पण दुपार बरीच सोपी. म्हणून उधाणाच्या दिवसांत मुखाबाहेर जायचंच असेल तर सकाळच्या मतलई वाऱ्यात जावं आणि बाराच्या आत भरतीबरोबर आत यावं.

वारा आणि पाणी एकाच दिशेने जात असताना पाणी फसवं शांत दिसतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. वारा किती आहे ते तेव्हा कळतच नाही. पाणी फिरलं की कळतं.

"पौर्णिमेला सर्वांत मोठं उधाण"

मोठं उधाण खरं तर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत आली तरी समुद्राचं पाणी त्या ओढीला उशिरा प्रतिसाद देतं. "पौर्णिमा झाली, आता उतरलं" म्हणून द्वितीयेला उथळ वाटेने होडी घालणारा माणूस पंधरवड्यातल्या सर्वांत खालच्या ओहोटीत वाळूवर बसू शकतो.

तिथीवरून भरती काढायचा जुना हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पिढ्यान् पिढ्या वापरलेला आणि तोंडी करता येणारा हा हिशोब मला फार मोलाचा वाटतो. पण तो नेमका आहे असं मानणं चूक. चांद्रमासाच्या तीस तिथींत भरतीची वेळ घड्याळाचे चोवीस तास फिरून येते, म्हणजे सरासरीने एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन-तीन मिनिटं साठत जाऊन पंधराव्या तिथीला पाऊण तासाचा फरक पडतो. म्हणूनच या हिशोबात अमावास्येला सव्वाअकरा येतात आणि लगेच प्रतिपदेला पाऊण वाजतो, मध्ये एकदम दीड तासाची उडी. शिवाय उशीर रोज सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो चाळीस मिनिटांच्या आसपास असतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तासाच्याही वर जातो.

एकच वेळ अख्ख्या किनाऱ्याला लावणं ही आणखी एक चूक. आपल्या किनाऱ्याने भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते. मुरगावला ती मुंबईच्या आधी पूर्ण होते. खाडीत तर ती तोंडापासून वर चढायला वेळ घेते. मुखाशी पाणी उतरायला लागलेलं असताना वरच्या बंदरात अजून चढत असतं. मोबाइलवरचं ॲप बहुधा जवळच्या मोठ्या बंदराची वेळ दाखवतं. तुमच्या खाडीचा फरक त्यात नसतो. तो तिथल्या तांडेलालाच विचारावा लागतो.

"तक्त्यात ३ मीटर म्हणजे ३ मीटर पाणी"

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासून भरती मोजली जाते, त्यामुळे या आकड्यांमागे मोठी तपश्चर्या आहे. पण तक्त्यातला आकडा पाण्याची खोली सांगत नाही. सागरी नकाशाची जी शून्य पातळी ठरवलेली आहे, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी, तिच्यावर पाणी किती चढलं ते तो सांगतो. नकाशात एखाद्या जागी १ मीटर खोली असेल आणि तक्ता २ म्हणत असेल, तर तिथे ३ मीटर पाणी. उलट, नकाशात दीड मीटर उघडा पडणारा वाळूचा पट्टा असेल, तर तक्त्यात २ असताना त्याच्यावर जेमतेम अर्धा मीटर पाणी असतं. आणि वाळू सरकते. गेल्या हंगामात जिथून होडी गेली तिथून या पावसाळ्यानंतर जाईलच असं नाही.

पाणी दर तासाला सारखं चढतं, हाही समज खोटा. जुना ठोकताळा बाराव्या हिश्शांचा आहे. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. मुंबईत उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटरच्या आसपास असते, म्हणजे ३.६ मीटरचा चढ. पहिल्या तासात पाणी फूटभर वाढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. भांगाच्या दिवसांत हाच चढ दीड मीटरच्या आत राहतो आणि प्रवाहही त्या मानाने निम्म्याहून कमी.

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणतात. होड्या पर्यटकांना तिथे उतरवतात. मालवणकडे उधाणाचा चढ मुंबईपेक्षा बराच कमी, साधारण दोन मीटर. तरीही भरतीच्या तिसऱ्या तासात पाणी अर्धा मीटर वाढतं. घोटाभर पाण्यात फोटो काढत असलेल्या माणसाच्या तासाभरात मांडीला पाणी लागतं आणि शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाच्या छातीला. त्या खोलीत प्रवाह असेल तर मोठ्या माणसाचेही पाय ठरत नाहीत. अशा पट्ट्यावर उतरण्याआधी होडीवाल्याला "परत कधी न्यायला येणार" हे विचारणं पुरेसं नाही. "पाणी कधी फिरणार" हे विचारलं पाहिजे.

"भरती पूर्ण झाली की पाणी थांबतं"

उघड्या किनाऱ्यावर साधारण तसं दिसतं. लांब खाडीत पाण्याची पातळी उतरायला लागल्यावरही प्रवाह काही वेळ आतच जात राहतो, कारण वरचा भाग अजून भरायचा असतो. नांगर टाकायचा किंवा अरुंद पुलाखालून जायचं तर पातळीच्या वेळेवर विसंबू नये. धक्क्याच्या खांबाला पाणी कुठल्या बाजूने तटतंय ते पाहावं.

पावसाळ्यात तर सगळा हिशोब बदलतो. वरून नदीचं पाणी आलं की ओहोटी लांबते, भरती आखडते आणि मोठ्या पुरात वरच्या अंगाला दिवसभर प्रवाह बाहेरच धावतो, सोबत ओंडके आणि झाडं घेऊन. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून प्रचंड पाऊस आणि खालून भरती, अशा वेळी वाशिष्ठीला पाणी सोडायला वाटच कमी पडते. तक्ते फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब धरतात. पाऊस, वारा, हवेचा दाब त्यात नसतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, आणि किनाऱ्याकडे रेटणारा जोराचा वारा त्यात कितीतरी जास्त भर घालतो.

"वारा नाही, म्हणजे लाट नाही"

दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्याला लागतात. आकाश स्वच्छ, झाडाचं पान हलत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी मात्र लाटा फुटत असतात. खोल पाण्यात या लांब लाटा जाणवतही नाहीत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे आधी देते. निरभ्र दिवशी आलेला असा इशारा लोक सर्वांत सहज धुडकावतात, आणि हे पाहून वाईट वाटतं.

अंदाजात "लाटांची उंची २ मीटर" असं आलं तर तीही कमाल उंची नसते. सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. त्याच समुद्रात अधूनमधून जवळपास दुप्पट उंचीची लाट येऊ शकते. वाऱ्याचंही तसंच. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात सहज चालणारी होडी ४० मध्ये "थोडी हलेल" असं नसतं.

"तीन नंबरचा बावटा म्हणजे किरकोळ"

बंदरावर लागणारे बावटे एक ते अकरा असे आहेत, आणि लोक त्यांना चढत्या भाजणीतले गुण समजतात. पहिले दोन दूर समुद्रातल्या वादळाबद्दल असतात. तिसरा सांगतो की सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका याच बंदराला आहे. छोट्या होडीसाठी यापेक्षा स्पष्ट निरोप नाही. चौथ्याचा अर्थ, बंदराला वादळाची भीती आहे पण टोकाची खबरदारी घेण्याइतका धोका अजून नाही. पाच, सहा, सात यांचा धोका एकाच दर्जाचा. फरक इतकाच की वादळ बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार, की थेट बंदरावरूनच. आठ, नऊ, दहा यांचंही तसंच, फक्त वादळ अधिक तीव्र. अकरावा लागला तर हवामान केंद्राशी संपर्क तुटलेला आहे आणि बंदर अधिकाऱ्याला स्वतःला धोका दिसतो आहे. त्यानंतर नवा निरोप येण्याची वाट पाहत बसायचं नसतं.

"नारळ वाहिला, समुद्र शांत झाला"

नारळी पौर्णिमेमागचं निरीक्षण पक्कं आहे. ऑगस्टमध्ये पावसाळी वाऱ्याचा सुरुवातीचा जोर ओसरू लागतो. पण सण चांद्र तिथीने येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तो ऑगस्टच्या अगदी अखेरीस आला, २०२५ मध्ये दुसऱ्या आठवड्यातच. तीन आठवड्यांचा हा फरक वाऱ्याला माहीत नसतो. मोसमी पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरमध्ये परततो आणि तोवर बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबामुळे इथला वारा दोन-तीन दिवसांसाठी पुन्हा उसळतो. नारळ सणाला वाहावा, होडी मात्र त्या दिवसाचा हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा ऐकून सोडावी. निघताना प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, परतायची वेळ किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगितलेली, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीतल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असावा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा, आणि ती पिशवी अंगाला बांधलेली.