'कुठलं भिंग चांगलं?' विचारण्याआधी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बसवायच्या दोन कृत्रिम भिंगांची तुलना करणारा शोधनिबंध हातात आला, की आपली नजर सरळ एमटीएफच्या आलेखावर जाते. ज्याची रेघ वर, ते भिंग सरस. थांबा. आधी 'पद्धती' हा विभाग उघडा आणि बघा, मोजताना बाहुलीच्या जागी किती मिमीचं छिद्र ठेवलं होतं आणि समोर कॉर्निया कुठला होता.

एमटीएफ म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघांचा कॉन्ट्रास्ट भिंगातून गेल्यावर किती शिल्लक राहतो, ते प्रमाण. 1 म्हणजे सगळा, 0 म्हणजे नुसता करडा. मिलिमीटरला 100 रेघजोड्या म्हणजे साधारण 6/6 दृष्टीचा बारकावा.

आता गंमत बघा. माणसाच्या कॉर्नियात 6 मिमी बाहुलीला सरासरी +0.27 मायक्रॉन गोलीय विपथन असतं. टेक्निस हे भिंग ते फेडायला मुद्दाम −0.27 घेऊन येतं, ॲक्रिसॉफ आयक्यू −0.20, तर काही भिंगं शून्य. तुम्ही मॉडेल-डोळ्यात विपथनरहित कॉर्निया बसवलात, तर मोठ्या छिद्राला शून्यवालं भिंग जिंकणार. सरासरी माणसासारखा बसवलात, तर टेक्निस. निकाल मोजण्याआधीच ठरला की! आणि दोन्ही कॉर्निया प्रयोगशाळांत सर्रास वापरले जातात, त्यामुळे कोणी लबाडी केली असंही म्हणता येत नाही.

छिद्राचं तर त्याहून वाईट. हे विपथन बाहुलीच्या व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतं. 6 चे 3 मिमी केले की ते सोळाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे 0.017 मायक्रॉनच्या आसपास. तिथे ही तिन्ही भिंगं जवळपास सारखीच दिसणार. 'लक्षणीय फरक आढळला नाही' हे वाक्य मग भिंगांबद्दल फार काही सांगत नाही. भर उजेडातली बाहुली घेतली होती, एवढंच सांगतं.

मल्टिफोकल भिंग यात आणलंत तर एकाच फोकसला मोजून चालणारच नाही. नेहमीचं दोन फोकसचं विवर्तनी भिंग प्रकाशाचे 41-41 टक्के वाटे करतं, उरलेला 18 टक्के भलतीकडे जातो. कॉन्ट्रास्ट कमी येणारच, तो त्या रचनेचा सौदा आहे. फोकस सरकवत पूर्ण वक्र काढा.

आणि भिंग नेमकं मध्यावर ठेवून मोजणं पुरेसं समजू नका. ऋण विपथनाच्या भिंगांचं 2002 साली छापून आलेलं मूळ गणितच सांगतं, की 0.4 मिमीहून जास्त सरकलं किंवा 7 अंशांहून जास्त कललं, की साध्या गोलीय भिंगावरची आघाडी जाते. डोळ्यात भिंग थोडं सरकतंच. तुमच्या प्रस्तावात सरकवून घेतलेलं मोजमाप नसेल, तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.